पियानोभोवतीची काच

प्रिय शुभे,

माफीचं पत्र लिहायला कागद पुढे ओढला आणि वरती तुझंच नाव लिहून बसले. आता खोडत नाही.

माफी कुणाची मागायची, विचार ना! तुझ्याच स्मृती समितीची. हो, तुझ्या नावाची समिती झाली आहे. अध्यक्ष आहेत, सचिव आहेत, लेटरहेडवर तुझा फोटो आहे. तोही तुला न आवडणारा, अंबाड्यातला. काल येरवड्याच्या शाळेत त्यांनी तुझ्या पियानोचं स्मारक केलं. अनावरणासाठी मला बोलावलं, पडद्याची दोरी माझ्या हातात दिली, आणि मी ती ओढली नाही. आज सकाळी अध्यक्ष बापटसाहेबांचा निरोप आला. मी लेखी दिलगिरी द्यावी आणि पुढच्या आठवड्यात येऊन अनावरण शांतपणे पार पाडावं.

मी देणार नाही. का देणार नाही, ते समितीपुढे मांडून उपयोग नाही. तुला सांगते.

पण आधी तुझ्याशी भांडते. तू मला आजाराचं सांगितलं नाहीस. मी नागपूर-लातूर करत व्याख्यानं देत फिरत होते आणि तू फोनवर म्हणत होतीस, "काही नाही गं, जरा अशक्तपणा आहे." अशक्तपणा! कॉलेजपासूनची मैत्रीण मी, मला शेवटी तुझ्या शेजारणीकडून कळावं? आणि दुसरं म्हणजे, तो पियानो तू शाळेला देऊन टाकलास, पण त्याचं पुढे काय करायचं ते कुणाला स्पष्ट सांगितलं नाहीस. मी एकदा म्हटलंही होतं तुला. तू काय म्हणालीस? "त्यात सांगायचं काय? पियानो वाजवायचा असतो."

बघ, शुभे. तुला वाटलं तितकं ते उघड नाही.

तो पियानो कोथरूडच्या तुझ्या घरातून निघाला तो दिवस आठवतो? चार हमाल, एक टेम्पो, आणि सगळी सोसायटी गॅलऱ्यांमध्ये. खालच्या मजल्यावरच्या काकांनी मोठ्या आशेनं विचारलं, "विकलात का हो?" तू म्हणालीस, "नाही. शाळेत घातलाय." काकांचा चेहरा! तुझ्या रोजच्या रियाजानं त्यांची दुपारची झोप मोडायची, तेव्हा आनंद लपवावा की नाही हे त्यांना कळेना. आणि शाळेच्या पायऱ्या चढवताना घामाघूम झालेला तो हमाल म्हणाला, "बाई, कपाट तर लहान दिसतंय, आत भरलंय काय एवढं?" तू म्हणालीस, "तारा." त्याला खोटं वाटलं. मग तू तिथंच, व्हरांड्यात, पुढची फळी काढून त्याला आत दाखवलंस. चौघेही वाकून बघत होते. एकानं पट्टी दाबली, आतली लोकरीच्या नमद्याची हातोडी टुणकन तारेवर आदळली, आणि चौघेही मागे सरले. त्या शाळेतले तुझे पहिले विद्यार्थी ते. मुलं नंतर आली.

मुख्याध्यापक गायकवाडसर म्हणाले, "भिंतीला लावून ठेवू या, बाई. जागा कमी जाईल."

"भिंतीला ऐकवायचं नाहीये, सर," तू म्हणालीस, आणि हॉलच्या मधोमध उभा करवलास.

मला तेव्हा कळलं नव्हतं मधोमध कशाला. तुझा गुरुवारचा पियानोचा तास बघायला आले तेव्हा कळलं. अर्धी मुलं पुढे, उघड्या पोटातल्या हातोड्या बघत. अर्धी मुलं मागच्या बाजूला, पियानोच्या पाठीला पाठ लावून मांडी घालून बसलेली. तू वाजवायला लागलीस आणि मागून एक पोरगी ओरडली, "बाई, माझ्या पाठीत वाजतंय!" ती सानिका. तेव्हा पाचवीत होती. तू थांबली नाहीस, नुसती हसलीस. मग जागा बदलल्या, पुढची मागे, मागची पुढे. दर गुरुवारी तसंच. किती सभा पाहिल्यात मी, शुभे, श्रोत्यांना पाठमोरं बसवून जिंकणारी तू एकटीच.

तुझ्याबरोबर ऑल्विन असायचा. कॅम्पातला, रविवारी चर्चमध्ये वाजवणारा, तुझ्या निम्म्या वयाचा. तुम्ही दोघं एकाच बाकावर बसून चार हातांनी वाजवायचात आणि तो सारखा पुटपुटायचा, "मॅडम, जरा सरका ना, माझा डावा हात कुठे ठेवू?" मुलांना ते भांडण संगीताइतकंच आवडायचं. सूर उतरले की तारा लावायलाही तोच. म्हणायचा, "आपल्या पुण्याची हवा पियानोला सूट होत नाही, आंटी. रोज वाजला तरच शहाणा राहतो."

आणि तो खेळ. चूक पकडायचा.

एखादी जुनी, छोटी, नाचाची चीज. कुठल्याशा जर्मन गावातल्या कुठल्याशा घरातल्या मुलांसाठी शेकडो वर्षांपूर्वी रचलेली. दोनदा नीट वाजवायचीस. तिसऱ्यांदा मध्येच एक सूर मुद्दाम खोटा. चेहरा असा की काही झालंच नाही! ज्याला कळलं त्यानं बोलायचं नाही, नुसता हात वर करायचा, आणि तू शेवटपर्यंत वाजवत राहायचीस. संपलं की विचारायचीस, "कुठं?" पहिल्या महिन्यात दोन-तीन हात वर यायचे. दिवाळीनंतर अख्खा वर्ग. ज्या मुलांच्या घरी पियानोचं चित्रही नव्हतं, ती मुलं डाव्या हातातली चूक आणि उजव्या हातातली चूक वेगळी सांगायला लागली!

मी विचारलं होतं, हा खेळ का? तू म्हणालीस, "शाळेत, घरी, रस्त्यावर, सगळे दिवसभर यांच्या चुका काढतात. आठवड्यातून एकदा यांनी माझी काढावी."

मी त्यावर पुढे किती भाषणं रचली असती! तू मला त्या तासाबद्दल बाहेर बोलू दिलं नाहीस. "तू बोलायला लागलीस की लोक टाळ्या वाजवून घरी जातात," म्हणालीस. लागलं होतं ते मला. खरं होतं म्हणून जास्त लागलं होतं.

पण लोक बोलतच होते की! चहाच्या वेळी, लग्नाच्या पंगतीत. "महापालिकेच्या शाळेतल्या मुलांना पियानो? आधी गणित तरी येऊ दे." हेच लोक, शुभे, आपल्या नातवंडांना कोथरूडमध्ये शनिवार-रविवार पियानोच्या क्लासला सोडतात आणि खाली स्कूटरवर बसून तासभर वाट बघतात. तिथे त्याला 'सर्वांगीण विकास' म्हणतात. येरवड्यात त्याला 'नसते लाड' म्हणतात. सूर तेच, पट्ट्या त्याच, फक्त पत्ता बदलला. कुणी ठरवलं की गरिबाच्या पोरानं फक्त उपयोगाचं शिकायचं? सुंदर गोष्टींना उत्पन्नाचा दाखला लागतो का?

आणि दुसरे ते, संस्कृतीवाले. "आधी आपलं शिकवा, मग परक्यांचं." कालच्या कार्यक्रमाआधीही एक गृहस्थ मला हेच सांगत होते. मी म्हटलं, "अहो, तुमच्या देवळात कीर्तनाला पेटी असते ना?" ते म्हणाले, "असते. परंपरा आहे आमची." मी म्हटलं, "ती परंपरा बोटीतून आली, युरोपातून. तिचा आणि या पियानोचा गाव एकच. फरक इतकाच की तिला कुणी दारात अडवून जात विचारली नाही." ते चहा आणायला गेले आणि परत आलेच नाहीत.

असो. काचेकडे येते.

तू गेल्यावर बापटसाहेब सगळ्यात आधी पुढे झाले, हे मला सांगितलंच पाहिजे. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस, दोनदा तुझ्या तासाला येऊन मागे बसलेला. तुझ्या शोकसभेत तो माणूस खरंच रडला. म्हणून तर राग जास्त येतो! वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. हा चांगला माणूस, प्रेमानं, स्वतः धावपळ करून, तुझा पियानो काचेत घालायला निघाला.

काल हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि मला तो आधी दिसलाच नाही. मधली जागा मोकळी. पियानो भिंतीला, पाठ भिंतीत चिणल्यासारखी. पुढची फळी घट्ट बसवलेली. वरून खालपर्यंत काच, काचेला दार, दाराला कुलूप. पियानोवर तुझा फोटो, फोटोला हार. बाजूला पडद्याआड पितळी पाटी, अनावरणासाठी झाकलेली. आणि एक छोटी पाटी मात्र उघडीच होती, पुण्यात दुसरं काय असणार त्यावर? 'हात लावू नये.'

मी बापटसाहेबांना म्हटलं, "हे काय?"

"ताई, मुलांच्या हातांनी पट्ट्या पिवळ्या पडल्यात हो," ते हळव्या आवाजात म्हणाले. "बाईंची आठवण आहे ती. जपायला नको?"

"आणि गुरुवारचा तास?"

"तो आता स्कॉलरशिपच्या जादा वर्गाला दिलाय. बाईंच्याच नावानं! 'शुभाताई मार्गदर्शन वर्ग'."

शुभे, माणसाला दोनदा मारता येतं हे मला काल कळलं.

कार्यक्रम सुरू झाला. दीपप्रज्वलन, स्वागत, शाल. मग निवेदकानं सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. दोन मिनिटं श्रद्धांजली, आणि त्या वेळात तुझं स्वतःचं वादन स्पीकरवरून ऐकवणार. शाळेतल्या कुणीतरी एका गुरुवारी फोनवर उतरवून घेतलेलं. व्यासपीठावरच्या सगळ्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले. मी मिटले नाहीत. मला मुलांकडे बघायचं होतं.

तू वाजवायला लागलीस. तीच ती नाचाची चीज. आणि मध्यावर, अगदी राजरोसपणे, खोटा सूर!

त्यांनी तिसऱ्या वेळचं वाजवणं लावलं होतं, शुभे! सबंध समितीनं ते आधी ऐकलं असणार, निवडलं असणार, 'वा' म्हटलं असणार. कुणाला काही कळलं नाही. व्यासपीठ डोळे मिटून भक्तीनं डुलत होतं.

आणि समोर हात वर आला. एक. मग पाच. मग सगळ्या हॉलभर, पाचवीपासून आठवीपर्यंत, एकही शब्द नाही, नुसते हात. माना खाली घातलेल्या मोठ्या माणसांच्या समोर शंभरेक ताठ हात! बाई शेवटपर्यंत वाजवतात तोवर बोलायचं नाही, हा नियम पाळून उभे. तू संपवलंस. आणि नेहमीसारखं "कुठं?" असं कुणी विचारेना, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका चिमुरडीला राहवलं नाही. ती ओरडली, "चुकलं!"

सगळ्यांनी डोळे उघडले. शिक्षिका "हात खाली! हात खाली!" करत धावल्या. बापटसाहेबांनी माईक घेतला आणि मुलांच्या बेशिस्तीबद्दल पाहुण्यांची क्षमा मागितली.

मग माझी पाळी. दोरी हातात देण्यात आली. मी ती तशीच धरून उभी राहिले आणि सानिकाला हाक मारली. सातवीत आहे आता, दोन वेण्या, तीच चिवट नजर.

"सानिका, काय झालं होतं गं?"

"बाईंनी मधी खोटं वाजवलं. डाव्या हातात," ती म्हणाली. "मुद्दाम. नेहमीसारखं."

बापटसाहेब घाईनं म्हणाले, "म्हणजे रेकॉर्डिंग खराब आहे का?"

"नाही ओ, सर," सानिका समजूत घातल्यासारखी म्हणाली, "रेकॉर्डिंग चांगलंय. तुमाला ओळखता आलं नाय."

हॉल हशानं फुटला, शुभे. शिक्षिकासुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी हसले नाही. मला बोलायचं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी थोडक्यात बोलले. म्हटलं, "साहेब, आत्ता इथे श्रद्धांजली फक्त या मुलांनी वाहिली. आपण नुसते उभे होतो, मुलं ऐकत होती. तुम्ही या पेटाऱ्याला जपताय. शुभानं घडवलेली वस्तू ही नाही. ती वस्तू हात वर करून तुमच्यासमोर उभी आहे, आणि तिच्यावर तुम्ही आत्ता बेशिस्तीचा शिक्का मारलात. कुलूप उघडा. ऑल्विन मागे उभा आहे, तुम्ही त्याला व्यासपीठावर बोलावलंही नाहीत. त्याला वाजवू द्या. मग मी दोरी ओढते."

"ताई, हा स्मृतीचा कार्यक्रम आहे," बापटसाहेब कुजबुजले. "वादनाचा नाही."

मी दोरी टेबलावर ठेवली आणि खाली उतरले. टाळ्या नाहीत. तुला बरं वाटलं असतं. लोक घरीही गेले नाहीत, जागच्या जागी खिळून बसले होते.

बाहेर फाटकाशी ऑल्विन म्हणाला, "आंटी, मी काचेला कान लावून बघितलं. काही ऐकू येत नाही, पण मला माहितीये आत काय चाललंय. तारा उतरतायत. सहा महिने असाच ठेवला ना, मग कुलूप काढून पण फायदा नाही. मग तो खरंच कपाट होणार." त्याचे डोळे भरले होते. मग नाक पुसत म्हणाला, "मॅडम असत्या तर आज मला ओरडल्या असत्या. शर्ट इस्त्री केला नाही म्हणून."

म्हणजे वेळही नाही आपल्याकडे. समित्यांना वेळ असतो, शुभे, तारांना नसतो.

आज सकाळी बापटसाहेबांच्या निरोपानंतर गायकवाडसरांचा फोन आला. पियानो शाळेचा, हॉल शाळेचा, काचेच्या कुलपाची किल्ली त्यांच्याच ताब्यात. तू त्यांना ओळखतेस. मनानं सरळ, पण वरून फोन आला की उभं राहून बोलणारा माणूस.

"ताई, माझी निवृत्ती जवळ आली आहे," ते म्हणाले. "मला यात नका ओढू."

"तुम्ही हॉलमध्ये होतात, सर. हात बघितलेत ना?"

ते आवाज उतरवून म्हणाले, "गुरुवारी मी महापालिकेत मीटिंगला जाणार आहे. माझ्या टेबलाचा खण... तसा उघडाच असतो. कोण आलं, कुणी काय घेतलं, मला काय माहीत?"

मोह झाला, शुभे. खरंच सांगते, झाला! खणातून किल्ली काढायची, दार उघडायचं, ऑल्विननं तासभर वाजवायचं, परत कुलूप. कुणाला पत्ता नाही. पण मग त्या मुलांना आपण काय शिकवलं असतं? की ही चोरून घ्यायची गोष्ट आहे? तुझ्या तासाची घंटा व्हायची, वेळापत्रकात नाव होतं त्याचं, भूगोलाच्या खाली आणि खेळाच्या वर. त्याच मुलांनी आता त्याच हॉलमध्ये दबकत यायचं?

"नको, सर," मी म्हटलं. "खणातली किल्ली मला नको. तुम्ही उघडा. तुमच्या हातानं, मुलांच्या देखत, भर दिवसा. उघडायचं नसेल तर तेही तिथं उभं राहून सांगा, त्यांना सांगा, मला नाही. मी आणि ऑल्विन गुरुवारी तासाच्या वेळेला येतोय."

त्यांनी फोन ठेवून दिला. मी मनात म्हटलं, घालवलास मंदे, हातात आलेला एक तास तत्त्वापायी घालवलास! तू काय केलं असतंस, मला खरंच ठाऊक नाही. तू कदाचित गपचूप किल्ली घेतली असतीस. तुला तत्त्वापेक्षा गुरुवार प्रिय होता. रागावली असशील तर रागाव.

पण हे पत्र इथवर आलं आणि पुन्हा फोन वाजला. गायकवाडसर. घसा खाकरत म्हणाले, "ताई, त्या मीटिंगला मी उपमुख्याध्यापकांना पाठवतोय. गुरुवारी मी शाळेत असेन."

"उघडणार?"

"ते अजून माहीत नाही," ते म्हणाले. "पण असेन."

मी त्यांना धन्यवाद दिले, आणि मनापासून दिले. आयुष्यभर खुर्चीच्या आड राहिलेल्या माणसाचं एवढं पाऊल लहान नसतं.

तर शुभे, दिलगिरी नाही. दोरी ओढणं नाही. बापटसाहेबांना मी दोन ओळी पाठवते आहे: गुरुवारी आपणही या, मुलांत बसा, आणि खोटा सूर आला की हात वर करा. येतील का, कोण जाणे. मला वाटतं, येतील. रडलेला माणूस आहे.

आणि तुला वचन देते. या गुरुवारी कुलूप नाही उघडलं तर पुढच्या गुरुवारी जाऊ, त्याच्या पुढच्या गुरुवारी जाऊ, मुलांसोबत काचेसमोर उभे राहू, शाळेनं तक्रार केली तर तक्रारीत माझं पूर्ण नाव मी स्वतः सांगेन, वडिलांच्या नावासकट. पाटी झाकलेली राहू दे. पुढे पाचवीत येणाऱ्या पोरांना तू कोण होतीस हे कळणारही नाही, शुभे, आणि मी सांगत बसणार नाही. तुझं नाव विसरलं गेलं तर मी ते विसरू देईन. गुरुवारचा तास मात्र होणार.

तुझी,
मंदा